पहिलं फिलिपिक वाचावं की तिसरं?

अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याची ही दोन्ही भाषणं मॅसिडोनचा राजा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सला जागं करणारी. पहिलं इ.स.पू. ३५१ चं, तिसरं ३४१ चं. एकच वाचायचं असेल तर बहुतेक जण तिसरं सुचवतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही.

तिसऱ्यात आवेश आहे. त्यातलं एक उदाहरण: फिलिप ऑलिन्थस या ग्रीक शहरापासून चाळीस स्टेडियांवर, म्हणजे सातेक किलोमीटरवर येईपर्यंत आपला हेतू कबूल करत नाही. मग तिथल्या लोकांना सुनावतो की एकतर तुम्ही ऑलिन्थसमध्ये राहणार नाही, नाहीतर मी मॅसिडोनियात. फितुरांवरचा भागही जबरदस्त. पण उपायाची वेळ आली की जहाजं, पैसा, सैनिक सज्ज ठेवा आणि दूत पाठवा, एवढ्यावर भागतं. आकडा नाही.

त्याहून टोचतो तो पाठभेद. या भाषणाचा एक छोटा पाठ आहे, एक मोठा. पॅरिसच्या जुन्या हस्तलिखितात छोटा आहे. काही अनुवाद जादा मजकूर कंसात देतात, काही गुपचूप मुख्य मजकुरात मिसळतात. मग आवडलेलं वाक्य सभेत बोललं गेलं होतं का, ही शंका पिच्छा सोडत नाही. माझा तरी रस इथेच उतरतो.

पहिल्यात हिशेब आहे. पन्नास जहाजं तयार ठेवायची. शिवाय कायमचं दल: दोन हजार पायदळ, त्यात पाचशे अथेन्सचे नागरिक, पाळीपाळीने, दोनशे घोडेस्वार, त्यात पन्नास नागरिक, सोबत दहा जलद जहाजं. वर्षाचा खर्च ९२ टॅलेंटहून (एक टॅलेंट म्हणजे सहा हजार द्राख्मा, हे तिथलं चांदीचं नाणं) थोडा जास्त: जहाजांना ४०, पायदळाला ४०, घोडदळाला १२. पायदळाला माणशी महिना दहा द्राख्मा, तेही फक्त शिध्यापुरते. बाकीचं लढाईतून मिळवायचं. नागरिक का हवेत, तर नुसत्या भाडोत्री सैन्याला पगार मिळाला नाही की ते मित्रांनाच लुटतं आणि सेनापती त्याच्यामागे फरफटतो. हिवाळ्यात तळ लेम्नॉस, थासॉस, स्कियाथॉस या बेटांवर, कारण उत्तरेचे वारे आणि थंडी फिलिपच्या पथ्यावर पडतात.

उणीव इथेही आहे: पैसा कुठून आणायचा त्या तक्त्याचं फक्त शीर्षक उरलंय. शिवाय त्या वेळी अथेन्स हललं नाही, तिसऱ्यानंतर हललं.

वक्तृत्वासाठी उतारा हवा असेल तर तिसरं घ्या, फक्त पाठभेद दाखवणारा अनुवाद पाहून. एरवी मी पहिल्याकडे झुकेन. घाईत असाल तर त्याचे परिच्छेद १६ ते २९ आधी वाचा.