कोडमधली नावे कोणत्या भाषेत ठेवावीत: इंग्रजी, रोमन मराठी की देवनागरी?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एखाद्या गुळाच्या अडत दुकानासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, की पहिल्या तासाभरातच नावांचा प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्याने आणलेल्या रव्यांचे, म्हणजे गुळाच्या ढेपांचे, वजन होते, सौद्यात दर ठरतो, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा होते आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. यातल्या प्रत्येक शब्दासाठी कोडमध्ये एक नाव लागते आणि ते नाव पुढची दहा वर्षे कोणी ना कोणी वाचणार असते. तीन-चार जणांचा लहान चमू हा निर्णय घेत आहे असे गृहीत धरून तिन्ही पर्याय येथे तपासले आहेत.

इंग्रजी नावांची बाजू सर्वांना परिचित आहे. कोणताही प्रोग्रामर ती वाचू शकतो, कोणतेही साधन ती नाकारत नाही आणि उद्या काम पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या माणसाकडे गेले तरी अडत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने देवनागरी नावांना परवानगी देणाऱ्या प्रस्तावातच स्वतःच्या प्रमाण ग्रंथालयापुरता, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडपुरता, इंग्रजीचा आग्रह कायम ठेवला आहे, हेही लक्षात घ्यावे. अडचण येते ती धंद्याच्या शब्दांची. वजन आणि दर यांचे भाषांतर सहज होते; पण शब्दकोशात ‘रवा’ पाहिला तर उपम्याचा रवा सापडतो, गुळाचा नव्हे. ‘पट्टी’ला ‘इनव्हॉइस’ म्हटले तर व्यवहाराची दिशाच उलटते, कारण इनव्हॉइस विकणारा देतो आणि पट्टी विकणाऱ्याला मिळते. नवा मुलगा इनव्हॉइस हे नाव वाचून रक्कम येणे बाजूला टाकतो आणि त्यात त्याची चूक नसते.

म्हणून बहुतेक जण मधला मार्ग धरतात: शब्द मराठी, अक्षरे रोमन. माझ्या मते तिन्हींत हाच पर्याय सर्वांत कच्चा आहे. तोलाई लिहिताना ‘ए’ एक की दोन, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या सवयीने देतो आणि एकाच प्रकल्पात एकाच शब्दाची तीन रूपे नांदू लागतात. त्याहून वाईट म्हणजे रोमन लिपीत ‘ट’ आणि ‘त’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळून जातात. पट्टी आणि पत्ती हे दोन्ही शब्द व्यापारातले आहेत. पहिला म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब, दुसरा म्हणजे भागीदाराचा हिस्सा. पण रोमन अक्षरांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. हा पर्याय घ्यायचाच असेल, तर प्रत्येक शब्दाचे एकच स्पेलिंग ठरवणारी यादी आधी तयार करावी.

देवनागरीचा निर्णय मुख्यतः प्रोग्रामिंगच्या भाषेवर अवलंबून आहे. पायथॉनच्या ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘इफ’ आणि ‘फॉर’ असे भाषेचे राखीव शब्द अर्थातच इंग्रजी राहतात. रस्टने ही सोय २०२१ मध्ये १.५३ या आवृत्तीत सर्वांसाठी खुली केली. जावामध्ये ती सुरुवातीपासून आहे, पण सोर्स फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) वाचायची हे जुने जावा त्या त्या संगणकावरून ठरवत असे. विंडोजवर त्यामुळे होणारा घोळ २०२२ च्या जेडीके १८ या जावाच्या आवृत्तीने यूटीएफ-८ हे एन्कोडिंग प्रमाण ठरवल्यावर संपला.

गो भाषा मात्र येथे जवळजवळ बाद होते. तिच्या नियमानुसार नावात युनिकोडची अक्षरे आणि अंक चालतात, जोडचिन्हे चालत नाहीत. आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सगळी जोडचिन्हेच आहेत. परिणामी ‘वजन’, ‘दर’, ‘अडत’ ही नावे चालतात, तर ‘गूळ’, ‘हमाली’, ‘तोलाई’ आणि ‘रक्कम’ ही नावे कंपायलर नाकारतो. काना-मात्रा नसलेले शब्द निवडून हिशेब लिहिणे हा शब्दकोड्याचा प्रकार झाला. शिवाय गोमध्ये नाव पॅकेजबाहेर दिसण्यासाठी पहिले अक्षर कॅपिटल लागते आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही.

जावास्क्रिप्टमधला धोका वेगळा आहे आणि तो खास मराठीचा आहे. ‘गुऱ्हाळ’ हा शब्द घ्या. यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पायथॉन पहिले स्वीकारतो आणि अदृश्य जोडक दिसताच चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते आणि त्यांना दोन वेगळी नावे मानते. आमच्या एका कामात नोंद भरणाऱ्या फाइलमध्ये एक रूप होते आणि पट्टी छापणाऱ्या फाइलमध्ये दुसरे. त्या नावाचा गुणधर्म न सापडल्याने जावास्क्रिप्टने कुरकुर न करता ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे मूल्यच नाही, असे उत्तर दिले आणि पट्टीवर गुऱ्हाळाची जागा कोरी राहिली. शोधून पाहिले तर शब्द समोर दिसत होता आणि शोधात येत नव्हता. त्यात दुपार गेली.

कीबोर्डच्या खोड्याही आहेत. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळरचनेत शिफ्ट धरून वजाबाकीची कळ दाबली, की अंडरस्कोरऐवजी विसर्ग उमटतो. विसर्ग नावात वैध असल्यामुळे ‘हमालीःएकूण’ असे नाव बिनतक्रार तयार होते, आणि घाईत वाचणाऱ्याला तो विसर्ग अपूर्णविरामासारखा दिसतो. अंकांचेही तसेच आहे: ‘दर१’ आणि ‘दर1’ ही पायथॉनसाठी दोन वेगळी नावे आहेत. गिऱ्हाइकाने भरलेला ‘२५’ पायथॉन व जावा संख्या म्हणून वाचतात, जावास्क्रिप्ट वाचत नाही. तो प्रश्न नावांचा नसला तरी याच कामात भेटतो.

डेटाबेसमध्ये मात्र देवनागरी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस नावासाठी ६३ बाइट देतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे मात्रा धरून जेमतेम २१ चिन्हे. ‘शेतकऱ्याच्या_खात्यातील_शिल्लक’ या रकान्याचे नाव ‘खात्यातील’मधल्या शेवटच्या ‘ल’च्या आधीच तुटते, पोस्टग्रेस एक सूचना दाखवतो आणि पुढे जातो. खात्यातील शिल्लक आणि खात्यातील उचल असे दोन रकाने एकाच टेबलात करायला गेलात, तर दोघांचे उरलेले नाव एकच होते आणि टेबल तयार होत नाही.

सुरक्षेचा मुद्दा २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ या नावाने मांडल्यापासून पुष्कळ उगाळला गेला आहे. त्यातला मुख्य हल्ला उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या नियंत्रक चिन्हांवर बेतलेला आहे. ती चिन्हे कोडमधल्या टिपेत (कॉमेंटमध्ये) किंवा मजकुरात लपवता येतात, तेव्हा संपूर्ण इंग्रजी नावांचा कोडही त्यातून सुटत नाही. देवनागरीच्या विरोधात तो मुद्दा पुढे करणे मला पटत नाही.

निवड करताना मी असे सुचवीन. भाषा गो असेल, किंवा कोड बाहेरच्या चमूकडे जाणार असेल, तर नावे इंग्रजी ठेवावीत आणि पट्टी, रवा, उचल यांचा अर्थ सांगणाऱ्या टिपा देवनागरीत लिहाव्यात. यूटीएफ-८ मधल्या फाइलीत टिपांना वरीलपैकी कोणताही नियम आडवा येत नाही. पायथॉनमध्ये काम असेल आणि कोड वाचणारे सगळे मराठी असतील, तर हिशेबाचा गाभा आणि त्याच्या चाचण्या देवनागरीत लिहाव्यात. दुकानाचा दिवाणजी शेजारी बसून वजावटीचा क्रम स्वतः तपासू शकतो, हा लाभ मोठा आहे. डेटाबेस आणि ब्राउझरमधला भाग मात्र इंग्रजीत असावा. देवनागरी निवडलीत, तर कमिटच्या, म्हणजे बदल कायम नोंदवण्याच्या, आधी चालणारी एक छोटी तपासणी पहिल्याच दिवशी बसवावी. नावातला अदृश्य जोडक, विसर्ग आणि देवनागरी अंक एवढे तीनच प्रकार तिने अडवले, तरी वर सांगितलेली दुपार वाचते.