नव्या डीव्हीआरमधली जुनी डिस्क
वागळे इस्टेटमध्ये आमचं नऊ माणसांचं ऑफिस, सगळ्या मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्स. दिवाळीआधी आठ सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा सेट बसवला, रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरसकट. दुकानदाराला मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: लिनक्सवर दिसेल ना, आणि महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहील ना? "ब्राउझरमध्ये उघडतं मॅडम, विंडोज काय नि लिनक्स काय," म्हणाला आणि डेमो दाखवला स्वतःच्या मोबाइलवर. मी मान डोलावली.

माणूस फिटिंग करून गेला. फायरफॉक्समध्ये डीव्हीआरचा आयपी टाकला, लॉगिन झालं, पुढे नुसता करडा चौकोन: 'प्लगइन डाउनलोड करा'. उतरली ती एक्सई फाइल, म्हणजे विंडोजसाठीची. सगळा मामला ॲक्टिव्हएक्स या जुन्या प्लगइन-तंत्राचा, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररचा, आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्येच गुंडाळला. फोन केला तर म्हणे, "एक विंडोजचा पीसी घ्या ना, सेकंडहँड मी देतो." शेवटी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये आरटीएसपीची (थेट व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीची) लिंक, पोर्ट 554 टाकून लाइव्ह चित्र आलं, म्हणून मीही विषय सोडला.

जानेवारीत गेटवरून कुरिअरचा बॉक्स गेला. आम्हाला कळलं आठवड्याने, आणि डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग पाचच दिवसांचं, त्यातही अधूनमधून तास-तास गायब. 4 एमबीपीएसचा (सेकंदाला 4 मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला साधारण 43 जीबी खातो, आठ मिळून 345. 2 टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, महिना कुठला! हा हिशेब पैसे देण्याआधी पाकिटाच्या पाठीवर झाला असता.

पण ते गायब तास काही त्या हिशेबात बसेनात. डिस्क काढली. वरचं स्टिकर कोरं करकरीत, पण स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे. यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड चालवली. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिलेले एकूण तास: 31,204. आमच्याकडे ती फार तर अडीच महिने, म्हणजे 1,800 तास फिरली होती. बाकीची तीन वर्षं ती कुणाकडे फिरत होती, देव जाणे.

दुकानात गेले तर उत्तर तयार: "डिस्क तुम्हीच बदलली असेल." बिल काढलं. त्यावर एकच ओळ, 'सीसीटीव्ही सेट कम्प्लीट, 1 नग'. सीरियल नंबर नाहीच, तर भांडणार कशावरून?

पुढचा रेकॉर्डर दुसरीकडे घेतला, तो ऑफिसचाच लॅपटॉप घेऊन जाऊन. प्लगइनशिवाय जुनं रेकॉर्डिंग उघडतंय का, पेनड्राइव्हवर थेट एमपी4 निघते का (काही डीव्हीआर भलत्याच फॉरमॅटमध्ये काढतात, मग त्याच कंपनीचा विंडोज प्लेयर शोधत बसा), सगळं काउंटरवर पाहिलं. डिस्कही आधी लॅपटॉपला लावायला लावली. "एवढं कोणी बघत नाही मॅडम," तिथला दुकानदार हसत म्हणाला. तास 0 दिसले, तेव्हा बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला आणि मगच पैसे दिले.