फॉर्मॅलिन, थील, मीठ की गोठवण? देहदानातील देह जपण्याच्या पद्धतींची तुलना

शरीररचनाशास्त्र विभागात एम्बामिंगची (देहात द्राव भरून तो जपण्याची) पद्धत बदलायची चर्चा बहुतेक वेळा मऊपणावरून निघते. फॉर्मॅलिनचा (फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाचा) देह लाकडासारखा कडक, डोळे चुरचुरतात; थीलचा (क्षारांच्या आणि अगदी थोड्या फॉर्मॅलिनच्या द्रावाचा) देह मऊ, सांधे हलतात, वासही कमी. मग थीलच का नको? प्रश्न वाजवी आहे, पण आधी वेगळी गोष्ट ठरवायला हवी: त्या देहावर कोण, काय आणि किती महिने काम करणार. वर्षभर थराथराने चालणारे पहिल्या वर्षाचे विच्छेदन, दोन दिवसांची लॅपरोस्कोपीची (दुर्बिणीतून शस्त्रक्रियेची) कार्यशाळा आणि हाताळायला ठेवायचे कायमचे नमुने ही तीन निराळी कामे आहेत. तिन्हींना चालेल अशी एकही पद्धत नाही.

आणखी एक. देह खराब झाला की दोष द्रावाला दिला जातो. बऱ्याचदा द्राव ठीक असतो, तो सगळीकडे पोचलेला नसतो. म्हणून तुलनेआधी थोडे याबद्दल.

द्राव कोणताही असो, तो पोचला पाहिजे

मृत्यूनंतर २४ तासांच्या आत द्राव आत गेला तर उत्तम. तोवर देह ४ अंश सेल्सियसला ठेवावा. एम्बामिंग करायचे असेल तर गोठवू नये. बर्फाचे स्फटिक पेशी आणि केशवाहिन्या फोडतात, मग द्राव वाहिन्यांतून पाझरून ऊती फुगतात. पोस्टमॉर्टेम झालेल्या देहात मोठ्या वाहिन्या कापलेल्या असतात, त्यामुळे एका जागेवरून सगळा देह भरत नाही. असे देह बहुतेक विभाग घेत नाहीत, ते याचमुळे.

नेहमीची जागा फेमोरल (मांडीची) धमनी. इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या अस्थिबंधाच्या) खाली ५-६ सेंटिमीटरची चीर घेतली की बाहेरच्या बाजूला नस (नर्व्ह), मध्ये धमनी, आतल्या बाजूला शीर असा क्रम दिसतो. धमनीची भिंत जाड आणि फिकट असते, शिरेसारखी चपटी होत नाही. दोन कॅन्युला (बारीक नळ्या) घालायच्या, एक हृदयाकडे आणि एक पायाकडे, आणि दोन्ही दोऱ्याने घट्ट बांधायच्या. फक्त वरच्या दिशेने सोडून थांबले की त्या बाजूचा पाय कच्चा राहतो आणि हे कित्येक महिन्यांनी, पोटरी उघडल्यावर कळते. धमनी कॅल्शियमने कडक झाली असेल तर वेळ न घालवता कॉमन कॅरॉटिडकडे (मानेतल्या धमनीकडे) वळावे.

द्रावाची टाकी टेबलापासून दीड मीटर उंच ठेवली तर सुमारे ११० मिलिमीटर पारा इतका दाब मिळतो, म्हणजे जिवंतपणीच्या रक्तदाबाच्या आसपास. हे काम संथ चालते, रात्रभर लागू शकते. पण वितरण चांगले होते. पंपाने वेळ वाचतो. दाब वाढवायचा मोह झाला की मात्र चेहरा सुजतो, नाकातोंडातून फेस येतो आणि फुफ्फुसात द्राव साचतो. सरासरी प्रौढ देहाला ८ ते १२ लिटर पुरतात, स्थूल देहाला जास्त लागतो. आकड्यापेक्षा देह काय सांगतो ते पाहावे: हातावरच्या शिरा उठतात, बोटांची टोके भरतात, पापण्या किंचित फुगतात. तळहात, तळपाय आणि नितंब बोटाने दाबून पाहायचे. तिथे मऊ, रिकामे लागले तर सिरिंजने स्थानिक इंजेक्शन द्यायचे. पोटात ट्रोकार (टोकदार पोकळ नळी) घालून द्राव सोडायची सवय विच्छेदनाच्या देहाला चांगली नाही, कारण आतडी आणि यकृत भोसकले जातात. पोट गॅसने फुगू लागले तरच ट्रोकार वापरावा.

फॉर्मॅलिन: जुने, भरवशाचे, त्रासदायक

फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकते. देह कडक होतो तो यामुळेच आणि टिकतो तोही यामुळेच. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम यांनी त्याचा हा गुण नोंदवला, आणि पुढे जवळजवळ सगळे विच्छेदन त्याच्यावर उभे राहिले.

१० लिटरचे चालू मिश्रण साधारण असे असते: फॉर्मॅलिन १ ते १.५ लिटर, द्रवरूप फिनॉल अर्धा लिटर, ग्लिसरीन १ ते १.५ लिटर, अल्कोहोल २ ते ३ लिटर, उरलेले पाणी. फॉर्मॅलिन पकड देते, फिनॉल बुरशी अडवतो, ग्लिसरीन ओलावा धरते, अल्कोहोल द्राव आत शिरायला मदत करते. फिनॉलचे स्फटिक ४१ अंशांच्या आसपास वितळतात, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून ओतावा. तो त्वचेला न दुखवता भाजतो, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मोजताना नेहमीचा घोळ एकच: बाटलीतले फॉर्मॅलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. "१० टक्के फॉर्मॅलिन" म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. सूत्र कोणत्या अर्थाने लिहिले आहे ते न पाहता द्राव बनवला तर तो अडीच पट तीव्र किंवा अडीच पट फिका होतो. थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला तर ते पॅराफॉर्माल्डिहाइड. वरचा द्राव आता लेबलवर लिहिल्याइतका तीव्र राहिलेला नसतो.

फायदे खरे आहेत. देह वर्षानुवर्षे टिकतो, थर सुटे आणि स्पष्ट राहतात, मेंदू इतक्या चांगल्या अवस्थेत दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाही. तोटे: रंग करडा-तपकिरी, सांधे जखडलेले, फुफ्फुस-आतडी आक्रसलेली. शस्त्रक्रियेच्या सरावाला हा देह जवळपास निरुपयोगी.

आणि वाफ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेत आठ तासांची सरासरी मर्यादा ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि पंधरा मिनिटांची २ पीपीएम आहे. युरोपीय संघात तीच अनुक्रमे ०.३ आणि ०.६. खोलीच्या कोपऱ्यातले मोजमाप फसवे असते. छाती किंवा पोट उघडताना, तोंड त्या पोकळीवर वाकलेले असताना श्वासाच्या उंचीवर जे मिळते ते खरे. छताच्या पंख्याने ही वाफ नाकाकडेच येते. हवा टेबलाच्या कडेने खाली ओढणारी व्यवस्था लागते. साध्या सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही.

इथे एक मधला रस्ता आहे आणि तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही. देह फॉर्मॅलिनने नीट पक्का करायचा, काही दिवस पाण्यात ठेवून मोकळे फॉर्माल्डिहाइड काढायचे, आणि मग १ टक्का फिनॉक्सिइथेनॉलच्या (जंतू रोखणाऱ्या एका द्रवाच्या) टाकीत ठेवायचा. वाफ आणि वास दोन्ही खूप उतरतात, ऊती थोड्या मऊ होतात. फिनॉक्सिइथेनॉल पाण्यात सहज मिसळत नाही, कोमट पाण्यात ढवळत घालावे. मात्र ते फक्त जपते, पक्के करत नाही. आधीचे इंजेक्शन अर्धवट असेल तर देह टाकीत सडतो.

थील: मऊपणाची किंमत

ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे वॉल्टर थील यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. बोरिक आम्ल, अमोनियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, ग्लायकॉल, क्लोरोक्रेसॉल, सोडियम सल्फाइट आणि अगदी थोडे फॉर्मॅलिन: इंजेक्शनच्या सुमारे १५ लिटर द्रावात ३०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे फॉर्माल्डिहाइड एक टक्क्याच्या आत. इंजेक्शननंतर देह त्याच जातीच्या द्रावाच्या टाकीत महिनोन् महिने बुडवून ठेवावा लागतो. हा टप्पा कापला की पद्धत फसते.

क्षार गरम पाण्यात विरघळवायचे. अमोनियम नायट्रेट विरघळताना उष्णता शोषते, त्यामुळे थंड पाण्यात सुरुवात केली तर भांडे गार पडते आणि बोरिक आम्ल तळाशी बसते. सल्फाइट आणि फॉर्मॅलिन शेवटी, वापराच्या जरा आधी, कारण ती दोन्ही एकमेकांशी अभिक्रिया करतात. अमोनियम नायट्रेटच्या खरेदीवर आणि साठ्यावर बऱ्याच देशांत स्फोटक पदार्थ म्हणून निर्बंध आहेत. टाकी मागवण्याआधी हा परवाना मिळतो का ते पाहावे.

मिळणारा देह खरोखर वेगळा असतो. खांदा, गुडघा, मान हलते. पोटात वायू भरता येतो. अल्ट्रासाउंडवर नस शोधून सुई घालता येते. श्वासनलिकेत नळी घालायचा सराव होतो. पण बोरिक आम्लाने स्नायूंचे तंतू तुटतात. वर्षभराच्या विच्छेदनात स्नायू ढासळतात, त्यांच्या कडा धूसर होतात. बाहेरची त्वचा सोलून निघते, मेंदू पिठूळ राहतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे फार उरत नाही. कंडरा-स्नायूंच्या ताकदीची मोजमापे या देहावर घेऊ नयेत. आकडे जिवंत ऊतीचे नसतात.

मीठ, अल्कोहोल-ग्लिसरीन

थीलला लागणारी टाक्यांची फौज आणि नायट्रेट टाळून मऊ देह हवा असेल तर संपृक्त मिठाच्या पद्धतीकडे पाहावे. २० लिटर पाण्यात ७ किलोच्या आसपास मीठ विरघळते. त्यात अल्कोहोल, थोडे फिनॉल, ग्लिसरीन, आणि फॉर्मॅलिन-पद्धतीपेक्षा बरेच कमी फॉर्मॅलिन. जिवाणूंना लागणारे पाणीच मीठ अडवून ठेवते. सांधे चांगले हलतात, रंगही बरा राहतो, साहित्य कुठेही मिळते. नडते ते लोखंडाला. क्लोराइडने साध्या स्टेनलेसच्या टेबलावर आणि चिमट्यांवर खड्डे पडतात, आणि देह सुकला की त्यावर पांढरे स्फटिक फुटतात. मीठ सोसणाऱ्या काही बुरशी असतात, म्हणून फिनॉल वगळू नये.

अल्कोहोल-ग्लिसरीनच्या पद्धतीत वाफेचा प्रश्न सुटतो आणि आगीचा येतो. ७० टक्के इथेनॉल नेहमीच्या खोलीच्या तापमानाला पेट घेऊ शकते. पंप, स्विच, साठवण सगळे त्या हिशेबाने लागते. ऊती पाणी गमावून तपकिरी होतात. ज्या विभागाकडे ज्वालाग्राही द्रव ठेवायची रीतसर खोली नाही, त्याने हा मार्ग सोडून द्यावा.

गोठवलेला देह आणि प्लास्टिनेशन

ताजा गोठवलेला देह शल्यचिकित्सकांना सगळ्यात जवळचा वाटतो, आणि बरोबरच आहे: रंग, ताण, थर जिवंतासारखे. उणे २० अंशांना ठेवायचा. अख्खा देह वितळायला दोन-तीन दिवस लागतात, त्यानंतर काम मोजक्या दिवसांत आटोपायचे. पुन्हा गोठवले की ऊती पाणचट होतात. यात निर्जंतुक काहीच होत नाही, म्हणून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या आधी हव्यात. तसे तर फॉर्मॅलिनही प्रायॉनला (रोग पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाला) मारत नाही, त्यामुळे प्रायॉनमुळे होणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाचा संशय असलेला देह कोणत्याही पद्धतीत नाकारायचा. कार्यशाळांसाठी हात, पाय, डोके वेगळे करून गोठवायचे असेल तर देहदानाच्या संमतिपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते आधी वाचावे.

प्लास्टिनेशन ही एम्बामिंगची पर्यायी पद्धत मानणे चूक. गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हायडेलबर्गला शोधलेल्या या पद्धतीत आधी फॉर्मॅलिनने पक्के केलेला नमुना उणे २५ अंशांच्या ॲसिटोनमध्ये ठेवून पाणी काढतात, मग निर्वातात सिलिकोन भरतात. नमुना कोरडा, बिनवासाचा, वर्षानुवर्षे हाताळता येणारा. तो कापता मात्र येत नाही.

निवड करताना

विद्यार्थी वर्षभर विच्छेदन करणार असतील तर कमी फॉर्मॅलिन, चांगले इंजेक्शन आणि नंतर फिनॉक्सिइथेनॉलची टाकी हे पुरेसे आहे. पैसा उरला तर तो हवेच्या व्यवस्थेत घालावा, नव्या द्रावात नाही. शस्त्रक्रियेचे अभ्यासक्रम नियमित चालत असतील, टाक्यांना जागा असेल आणि द्राव बनवणारी प्रशिक्षित माणसे टिकून राहणार असतील तर थील. अभ्यासक्रम अधूनमधूनच होत असतील तर मीठ किंवा गोठवण. थीलच्या टाक्या रिकाम्या बसवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि सगळे देह एकाच पद्धतीत ठेवायचा हट्ट नको. चार फॉर्मॅलिनचे आणि एक मऊ, अशी वाटणी बऱ्याच विभागांना जमते.

बुरशीचे ठरलेले अड्डे पद्धत बदलली तरी बदलत नाहीत: काख, जांघ, बोटांच्या बेचक्या, आणि देहावर टाकलेले कापड जिथे अर्धवट सुकते ती घडी. ठिपका दिसताच अल्कोहोलने पुसून तिथे फिनॉक्सिइथेनॉल लावावे, कापड बदलावे.

मऊ पद्धतीकडे वळणाऱ्यांनी मेंदूची सोय मात्र वेगळी करावी. तो इंजेक्शनच्या आधीच काढून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन-तीन आठवडे ठेवायचा, आणि तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून बेसिलर (मेंदूच्या तळाच्या) धमनीखालून दोरा ओवून भांड्यात उलटा लटकवायचा.