नोडएमसीयू आणि आयआर एलईडी : आठ महिन्यांनी टीव्ही 'फक्त बंद' करता आला

टीव्हीच्या रिमोटचं पॉवर बटण बसलं. सर्व्हिस सेंटरने नव्या रिमोटचे नऊशे सांगितले, वर पंधरा दिवस थांबा म्हणे. नऊशे रुपये एका बटणासाठी! नोडएमसीयू, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा वायफाय बोर्ड, घरात पडून होतं. रिमोटसारखा न दिसणारा प्रकाश सोडणारा आयआर एलईडी आणि तो पकडणारा रिसीव्हर पन्नासच्या आत आले. जुनं बटण नखाने दहादा दाबलं की एकदा चालायचं, तेवढ्यात रिसीव्हरने त्या बटणाचा कोड पकडला.

पहिला महिनाभर मात्र मी वैतागलो होतो. चार फुटांपलीकडे टीव्ही दाद देईना. एलईडी मी थेट पिनला जोडला होता आणि बोर्डावरच्या ईएसपी८२६६ चिपची पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घातला, चार्जरचे ५ व्होल्ट ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून दिले, आणि तोच एलईडी शोकेसमधून समोरच्या भिंतीपर्यंत पोचला. एलईडी पेटतोय का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. रेंजबद्दलची तक्रार तेव्हाच मागे घेतली.

खरा त्रास पॉवर कोडचा. बाबा टीव्ही बघता बघता झोपतात, म्हणून रात्री साडेअकराला टीव्ही बंद करायचा टायमर लावला. एके दिवशी बाबांनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि लवकर झोपले. साडेअकराला अंधारात बातम्या सुरू झाल्या, त्याही मोठ्या आवाजात. आई दचकून उठून बसली, पाणी पिऊनही तिची धडधड थांबेना. पॉवरचा कोड एकच असतो: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. आणि टीव्ही उलट काही कळवत नाही. मी टायमर काढून टाकला, तो तीन महिने लावलाच नाही.

मग कळलं की बऱ्याच टीव्हींना फक्त चालू आणि फक्त बंद असे वेगळे कोडही कळतात, रिमोटवर त्यांची बटणं नसतात एवढंच. आमच्या टीव्हीच्या रिमोटचे कोड एनईसी नावाच्या पद्धतीचे. ३८ किलोहर्ट्झवर ९ मिलिसेकंदांचा पहिला ठोका, ४.५ ची शांतता, मग ३२ बिट: पत्ता, पत्ता उलटा, आज्ञा, आज्ञा उलटी. आज्ञा ८ बिटांची, म्हणजे शक्यता २५६. रविवारी दुपारी दर तीन सेकंदांना एक कोड सोडत बसलो. तेरा मिनिटांचं काम. आवाज वाढला, इनपुट बदललं, मग अचानक आकड्यांनी भरलेला सर्व्हिस मेनू उघडला. मी झटकन बोर्डाची वायर ओढली. तुम्हीही तेच करा, कारण पुढचा कोड बाणाचा निघाला तर आतलं सेटिंग बदलेल. टीव्हीचा प्लग काढून पुन्हा लावला आणि तो आकडा वगळून पुढे गेलो.

शेवटी एका आकड्यावर टीव्ही बंद झाला. तोच कोड पुन्हा सोडला, बंदच. पाच वेळा सोडला, बंदच! मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणून दाखवलं.

टायमर आता रोज चालतो. लाइट जाऊन आली की वायफाय येईपर्यंत बोर्डाला वेळ कळत नाही, त्यासाठी डीएस३२३१ हा बॅटरीवर चालणारा घड्याळाचा मॉड्यूल लावलाय. राहिला सेट टॉप बॉक्स. त्याचेही २५६ करून झाले, बंदचा वेगळा कोड नाही. त्याच्या लाल दिव्यावर एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) चिकटवून तो चालू आहे की बंद हे वाचायचं, असं सध्या चाललंय.