बुटातला खडा: डोंगरवाटेला बेअरफूट बूट बरे की सँडल?

पातळ तळाच्या, म्हणजे बेअरफूट, पादत्राणांकडे वळायचं हे ज्यांचं ठरलंय, पण नेमकं काय घ्यायचं यावर गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टाच आणि चवडा एका पातळीत, बोटांना पसरायला जागा, हातात धरून सहज वळवता येईल असा तळ, एवढी ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. डोंगरात जायचं तर बंद बेअरफूट बूट घ्यावेत की पट्ट्यांची सँडल? मी आधी चार वर्षं बूट वापरले, गेली तीन वर्षं बहुतेक वाटा सँडलवर चालतोय. दोन्ही जोड आजही घरात आहेत आणि दोन्ही वापरात आहेत.

बोटं वेगवेगळी असलेल्या बुटांबद्दल आधीच थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो तिसरा पर्याय बऱ्याच जणांच्या मनात असतो. डोंगरी बुटांचा जाड खाचांचा रबरी तळ ज्या व्हायब्रम कंपनीने रूढ केला, तिनेच पुढे हे पाच बोटांचे बूटही बाजारात आणले. कंपनीचे संस्थापक विताले ब्रामानी हे स्वतः गिर्यारोहक. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्यांचे सहा सोबती दगावले, त्याला अपुरी पादत्राणंही कारणीभूत होती, आणि १९३७ मध्ये तो खाचांचा तळ आला. पाच बोटांच्या बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून मात्र अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. मी हे बूट एक हंगाम घातले. खडकावर हातापायाने चढताना त्यांची पकड सुरेख वाटली. पण पहाटेच्या अंधारात, गारठलेल्या हातांनी प्रत्येक बोट आपापल्या घरात बसवणं फार किचकट जातं, आणि ओले झाले की बोटांच्या बेचक्या दुसऱ्या दिवशीपर्यंत ओल्याच राहतात. ज्यांची करंगळी थोडी आत वळलेली आहे त्यांनी तर घालून पाहिल्याशिवाय घेऊच नयेत.

आता मुख्य दोघांकडे येतो.

बुटांची जमेची बाजू पहिल्याच दिवशी कळते. काटेरी झुडपांतून बिनधास्त जाता येतं. वाळक्या काटक्या, धारदार गवत, दगडावर आपटणारं बोट, या सगळ्यांपासून वरचं कापड बरंच वाचवतं. थंडीत साधे लोकरी मोजे आत बसतात. आणि चिखलाच्या उतारावर बूट सँडलपेक्षा उजवे आहेत, यात मला तरी शंका नाही. तिथे सँडलचा तळ जमिनीला धरून असतो, पण पाय तळावरून पुढे सरकतो. पट्टे कितीही आवळा, तळवा आणि रबर यांच्यामध्ये चिखलाचा पातळ थर आला की पाय सरकणारच.

इतकं सगळं बुटांच्या बाजूने असूनही मी सँडलकडे वळलो, ते एका बारीकशा कटकटीपायी. ती कटकट म्हणजे बुटात शिरणारा खडा.

खडा कोणत्याही बुटात जातो, हे खरं. पण बेअरफूट बुटात तो जरा जास्त जातो आणि गेला की जास्त छळतो, असा माझा अनुभव आहे. कारण बुटाच्या घडणीतच आहे. टाचेमागे कडक कप नसतो, सगळं मऊ असतं. पाऊल वळलं की घोट्याखालची कड दर पावलाला किंचित उघडते आणि मिटते. मुरमाड वाटेवर पुढचा पाय जी कच उडवतो ती त्या फटीतून अलगद आत येते. पुढे बोटांसाठी ऐसपैस जागा ठेवलेली, त्यामुळे आत आलेला खडा एका जागी बसत नाही, सगळीकडे हिंडतो. जाड बुटात तो गादीत थोडा रुततो तरी. इथे खाली गादीच नाही. बाहेरचा दगड खालून तळाला वर ढकलतो आणि त्याच जागी आतला खडा असला, तर तळवा दोन दगडांच्या मध्ये सापडतो. मुगाच्या डाळीएवढा खडासुद्धा अशा वेळी डोळ्यांत पाणी आणतो.

एकदा एका लांबलचक घसाऱ्याच्या उतारावर मी किती वेळा थांबलो ते मोजलं. सॅक उतरवायची, बसायला दगड शोधायचा, नाडी सोडायची, बूट काढून उलटा आपटायचा, मोजा झटकायचा, तळवा हाताने पुसायचा, पुन्हा सगळं बांधायचं. दोन तासांच्या उतारात सात वेळा. सोबतचे लोक पहिल्या दोन वेळा थांबले, नंतर पुढे निघून गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आठव्या वेळी मी थांबायचा कंटाळा केला. खडा अंगठ्याच्या मुळाशी होता. तो टोचू नये म्हणून पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत राहिलो आणि वाकड्या चालीने तासभर उतरलो. संध्याकाळी गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली, ती पुढे आठवडाभर दुखली. पातळ तळाकडे वळलो होतो ते पाऊल मोकळं आणि सरळ पडावं म्हणून, आणि एका खड्याने नेमकं तेच हिरावून घेतलं. ते माझ्या मनाला फार लागलं.

उपाय केले नाहीत असं नाही. गेटर घेतले, म्हणजे बुटाच्या कडेवरून घोट्याभोवती बांधायचं कापडी आवरण. ते कामाचे आहेत, पण जाड डोंगरी बुटाला पुढे जसा हूक अडकवायला जागा असते तशी या बुटांना सहसा नसते, आणि तळाखालून जाणारा पट्टा खडकावर घासून लवकर तुटतो. उन्हाळ्यात घोट्याशी घामही साचतो. मग उंच कडेचे, घोटा झाकणारे बेअरफूट बूट वापरून पाहिले. खडे खूपच कमी झाले, हे मान्य करायला हवं. पण ते एकदा भिजले की वाळता वाळत नाहीत. दिवसात चार ओढे ओलांडायचे असले तर एक तर चारदा बूट काढायचे, नाहीतर ओल्या मोज्यात चालून संध्याकाळी पांढऱ्या पडलेल्या, सुरकुतलेल्या कातडीवर फोड मोजायचे.

सँडलमध्ये खडा येत नाही असं मुळीच नाही. उलट जास्त येतात, चारही बाजूंनी येतात. पण ते राहत नाहीत. टाच उचलली की तळवा आणि सँडल यांच्यात फट पडते. तेवढ्यात पाय हवेत किंचित तिरका करून झटकला की खडा बाजूने निघून जातो. आडमुठा असला तर बूटभर उंचीच्या एखाद्या दगडावर सँडलची कड ठोकायची. थांबावं लागत नाही. पहिला महिना हे मुद्दाम करावं लागलं, आता पाय आपसूक करतो. ओढा आला की सरळ पाण्यात उतरायचं, पलीकडे निघायचं, आणि थोड्याच वेळात कातडी कोरडी.

‘एवढ्याशा चपलेवर डोंगर कसा चढणार’ असं घरचे विचारतील. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक जुन्या टायरचा तळ आणि चामड्याची वादी एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत, पळत आले आहेत. १९९३ साली कोलोरॅडोतली लेडव्हिलची १०० मैलांची डोंगरी शर्यत त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या गड्याने अशाच सँडलवर जिंकली. आपले पाय लहानपणापासून त्या वाटांवर घडलेले नाहीत, हा फरक मोठा आहे. पण पादत्राण म्हणून सँडल डोंगराला पुरेशी आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

सँडलची कमजोर जागा म्हणजे अंगठ्याशेजारचं भोक, जिथून दोरी किंवा पट्टा तळाखाली जातो. जुन्या घडणीत खाली गाठ असते आणि ती दर पावलाला जमिनीवर घासते. माझी दोरी दुसऱ्या दिवशी दुपारी अशीच तुटली. जवळ दोन मीटर जादा दोरी होती. टोक जाळून टोकदार केलं, भोकातून ओवलं, नवी गाठ मारली, दहा मिनिटांत चालायला लागलो. नवी गाठ मात्र संध्याकाळपर्यंत तळव्याला जाणवत राहिली. याउलट एका बुटाचा तळ चवड्याच्या दुमडीवर सुटला, तेव्हा चिकटपट्टी गुंडाळून जेमतेम खाली पोचलो, आणि तो जोड पुन्हा डोंगरात नेण्यासारखा राहिला नाही. दुरुस्तीच्या बाबतीत सँडलचं पारडं जड आहे. नवी सँडल घेताना गाठीऐवजी तळात खोल बसवलेली चकती आहे का, ते आवर्जून बघा.

कोणीही कोणतंही घ्या, पण हळूहळू वळा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ धावपटूंपैकी काहींना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांकडे वळवलं होतं. नेहमीचे बूट घालणाऱ्यांच्या मानाने त्यांच्या पावलांच्या हाडांतल्या मज्जेत जास्त सूज दिसली. म्हणजे दहा आठवडेही कमी पडू शकतात. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आधी कुरकुरतात, ते निदान कळतं तरी. हाडं मात्र उशिरा बोलतात. मी पहिले सहा महिने फक्त छोट्या वाटांवर आणि जवळपास रिकाम्या पाठीने चाललो, आणि तो वेळ कारणी लागला असं मानतो. मधुमेहामुळे किंवा आणखी कशाने तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर मात्र या दोन्हींच्या वाटेला न गेलेलं बरं. खालचं जाणवणं हाच इथे बचाव आहे.

घट्टे पडले की ही जाणीव मरेल, अशी एक भीती मलाही होती. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात, अनवाणी चालून जाड झालेल्या कातडीमुळे तळव्याची संवेदना कमी होत नाही असं दिसलं. माझं स्वतःचं तेच मत झालंय. कातडी जाड झाली, टोचणं कमी झालं, पण ओला खडक आणि कोरडा खडक यातला फरक अजून तितकाच कळतो. फक्त टाचेच्या कडेला भेगा पडू द्यायच्या नाहीत. रात्री पाय धुऊन, वज्रीने घासून काहीतरी तेलकट चोळून झोपायचं. लांबच्या भटकंतीत या पाच मिनिटांचा आळस केला की तिसऱ्या दिवशी भेगेत माती जाते आणि मग चालणं नको होतं.

बरोबरच्या सामानात थोडाच फरक करावा लागतो. चालण्याच्या काठ्या मी पूर्वी नेत नसे, आता दोन नेतो, विशेषतः उतारासाठी. पण सँडल असेल तर काठीचं पोलादी टोक पायापासून वीतभर लांबच टेकवायची सवय लावा. एकदा दमून टेकवलेलं टोक माझ्या दुसऱ्या बोटाच्या नखावर आलं होतं. ते नख पूर्ण उगवायला बरेच महिने गेले. अंधारात चालायचं तर कपाळावरचा दिवा चांगला हवा, कारण वाटेत आडवी आलेली काटकी बुटाला लागते, सँडलमध्ये ती बोटालाच लागते. अंगठा वेगळा असलेले मोजे एक जोड असू द्या, थंड पहाटे सँडलमध्ये ते फार उपयोगी पडतात. सुई, चिमटा, जादा दोरी हे सॅकच्या वरच्या कप्प्यात, तळाशी नाही. आणि सॅक हलकी करा. आठ-नऊ किलोपर्यंत मला दोन्हींत सारखंच चालता येतं, त्यावर गेलं की दगडाळ वाटेवर तळवे संध्याकाळी तापतात. ज्यांना पंधरा किलो उचलण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी आल्ट्रासारख्या बुटांचा विचार करावा. टाच-चवडा त्यांच्या बहुतेक जोडांतही एका पातळीत असतो, पण खाली गादी असते.

मग बूट कधी? बर्फ किंवा कडाक्याची थंडी, सतत काटेरी रान, जळवांचा ओला हंगाम, दिवसभर चिखल. यातलं काही असेल तर मी आजही निमूट बूटच घालतो, आणि तुमच्या बहुतेक वाटा अशाच असतील तर तुम्ही बूटच घ्यावेत असं मी म्हणेन. पण मुरमाड, दगडाळ, मध्येमध्ये पाणी लागणाऱ्या वाटा असतील, तर निदान एकदा सँडल घालून बघा.

घ्यायचं ठरलंच, तर पट्टा पहिल्याच दिवशी घट्ट बांधू नका. टाचेचा पट्टा आधी थोडा सैल ठेवा, शंभर पावलं चाला, आणि टाच मागे लोंबत असेल तेवढाच ओढा. अंगठ्याच्या बेचक्यात लाली आली तर बहुधा पट्टा पुढून जास्त आवळलाय आणि टाचेकडून सैल आहे. पुढचा सोडा, मागचा ओढा. उतार लागण्याआधी दोन मिनिटं थांबून हे पुन्हा एकदा करा, कारण चढाची बांधणी उताराला पुरत नाही. माझं हे गणित जमायला तीन ट्रेक गेले. आता तीन वर्षं झाली, बेचक्यात फोड आलेला नाही.