पोर्टमध्ये खोचलेली ती डबी फक्त दिवे लुकलुकवत होती

गाडीची पॉवर वाढवणारी स्वस्त चिप ऑनलाइन मागवायचा विचार करत असाल, तर आधी हे वाचा. मी ती मागवली, दीड महिना वापरली आणि शेवटी उघडून पाहिली.

जाहिरातीत पॉवर 30 टक्के वाढेल, ॲव्हरेज सुधारेल, पाच मिनिटांत स्वतःच बसवा, असं सगळं होतं. स्टीअरिंगच्या खाली 16 पिनांचा ओबीडी पोर्ट असतो, मेकॅनिक स्कॅनर लावतो तोच. त्यात ही डबी खोचायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: चावी ऑनवर ठेवा, इंजिन सुरू करू नका, रीसेटचं बटण पाच सेकंद दाबून धरा, मग अर्धा मिनिट थांबा. मी तंतोतंत तसंच केलं. दिवे लुकलुकायला लागले आणि मला वाटलं, चिपचं गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलणं सुरू झालं.

त्याच कागदावर एक ओळ होती: 'तुमच्या ड्रायव्हिंगची सवय शिकायला चिपला 200 किलोमीटर लागतात.' खरी मेख इथेच आहे. तेवढं अंतर कापेपर्यंत माल परत करायची मुदत सरत येते. शिवाय आपलं सगळं लक्ष ॲक्सिलरेटरवर असतं, पाय आपोआप हलका पडतो. पहिल्या आठवड्यात मलाही गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली होती, आणि ते मी चारचौघांना सांगितलंही. त्याचं आज फार वाईट वाटतं, कारण माझं ऐकून एकाने तीच चिप घेतली.

टाकी फुल टू फुल करून ॲव्हरेज लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे. चिप लावण्याआधी लिटरला 16.8 पडत होतं. लावल्यानंतरच्या पहिल्या टाकीला 17.6. मी खूश झालो. पुढच्या दोन टाक्यांना 16.7 आणि 16.9. पहिल्या टाकीतला बराचसा प्रवास हायवेचा होता, हे वही नीट पाहिल्यावर लक्षात आलं.

मग इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या मित्राकडे ती घेऊन गेलो. बारीक स्क्रूड्रायव्हर फटीत घालून त्याने झाकण उचकटलं. आत एक छोटा बोर्ड, तीन एलईडी, त्यांचे रेझिस्टर, रीसेटचं बटण आणि आठ पायांची एक आयसी. गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनवर, म्हणजे पिन 6 आणि 14 वर, काही वाचायचं किंवा पाठवायचं तर ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश घेणारी-पाठवणारी चिप, लागते. ती बोर्डवर नव्हतीच. वीज येत होती ती पिन 16 मधून, आणि ती थेट बॅटरीची असते. म्हणजे गाडी बंद असतानाही डबी थोडा का होईना करंट ओढत होती. मी रोज रात्री ती तशीच लावून ठेवायचो.

यातलाच दुसरा प्रकार म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसवायचा साधा रेझिस्टर. हवा गार आहे असं ईसीयूला वाटतं, ते पेट्रोल जरा जास्त सोडतं. पण सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर एरवीच्या चालवण्यात तो फरक पकडतो आणि ईसीयू पेट्रोल पुन्हा कमी करतं. हाती काही लागत नाही.

खरं रिमॅपिंग असतं, ते मी नाकारत नाही. त्यात ईसीयूच्या आतले इंधनाचे, इग्निशन टायमिंगचे, टर्बो असेल तर बूस्टचे आकडे त्या त्या गाडीप्रमाणे बदलतात आणि डायनोवर, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. टर्बो गाडीला फरक चांगला जाणवतो, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला अगदी थोडा. वॉरंटीचा प्रश्नही येतो. पण एकच डबी प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक इंजिनाला चालते असं कुणी म्हणत असेल, तर ती आत काय बदलणार हे त्याला विचाराच.

विक्रेत्याला बोर्डचे फोटो पाठवले. उत्तर आलं, 'तुमच्या मॉडेलला सूट झाली नसेल.' दुसऱ्या दिवशी अर्धे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच: मी दिलेला एक स्टारचा अभिप्राय काढायचा. मग मी त्याच पानावरचे पाच स्टारवाले अभिप्राय तारखा बघत पुन्हा वाचले. कितीतरी जणांनी 'आजच मिळाली, लगेच बसवली, जबरदस्त' असं लिहिलं होतं. 200 किलोमीटर कुणाचेच झाले नव्हते. मी पैसे नको म्हणून कळवलं. उघड्या बोर्डच्या फोटोसकट माझा अभिप्राय अजून तिथेच आहे.