गादी-उशांच्या माइटरोधक खोळी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सकाळी जाग येताच लागोपाठ शिंका, चोंदलेले नाक, डोळ्यांची खाज आणि दिवस चढेल तसा उतार, असा त्रास असल्यामुळे त्वचेवरील चाचणी करून घेतली. तीत डस्ट माइटची ॲलर्जी निष्पन्न झाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मी या खोळी घेतल्या.

माइट हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा जीव. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतो आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषून घेतो, म्हणून गादी त्याला फार मानवते. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतील पाचक एन्झाइममुळे. विष्ठेचे हे कण साधारणपणे 10 ते 40 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्यामुळे कापडाची छिद्रे 10 मायक्रॉनपेक्षा लहान आहेत की नाहीत, एवढे खरेदीच्या वेळी पाहावे. वेष्टणावरच्या बाकीच्या दाव्यांकडे मी लक्ष दिले नाही.

गादीची खोळ आतून प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेली आहे, तर उशीची नुसत्या घट्ट विणीची. उशीची खोळ अंगवळणी पडली आहे. तिच्यावर नेहमीचा अभ्रा चढवला की वेगळे काही जाणवत नाही. गादीची खोळ मात्र कूस बदलताना चुरचुरते आणि उकाड्यात पाठीला घाम आणते. शिवाय चेन जिथे संपते तिथे बोटाचे टोक शिरेल एवढी फट राहिली होती, आणि काही आठवड्यांतच तिच्या कडेला करड्या धुळीची रेघ दिसू लागली. तिथे कापडी पट्टी चिकटवून काम भागवले, पण एवढी किंमत मोजल्यावर ग्राहकाला असली डागडुजी करावी लागू नये.

सुरुवातीचे काही आठवडे फरक जाणवला नाही. त्यानंतर सकाळच्या शिंका स्पष्टपणे कमी झाल्या. नाकातला स्प्रे मात्र डॉक्टरांनी चालूच ठेवला आहे. याचे सगळे श्रेय मी खोळींना देणार नाही, कारण त्याच सुमारास चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुणे सुरू केले होते. गार पाण्यात धुतल्याने ॲलर्जीकारक द्रव्य बरेचसे निघून जाते, पण बहुतेक माइट जिवंत राहतात. खोळ गादीच्या आतले माइट आतच कोंडते. वरच्या पांघरुणात माइटची नव्याने वस्ती झाली तर खोळ काहीच करू शकत नाही.

संशोधनाचा कौलही असाच संमिश्र आहे. 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ खोळी वापरून दमा असलेल्या प्रौढांना लाभ दिसला नाही. उलट, माइटची ॲलर्जी आणि दमा असलेल्या मुलांवरील 2017 सालच्या इंग्लंडमधील चाचणीत खोळी वापरणाऱ्यांना दम्याच्या झटक्यामुळे तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ तुलनेने कमी जणांवर आली.

चाचणीत माइटची ॲलर्जी निघाली नसेल तर हा खर्च करू नये. निघाली असेल तर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राआधी खोळी घ्याव्यात, कारण हे कण जड असल्याने फार वेळ हवेत तरंगत नाहीत. गादीसाठीही घट्ट विणीचेच कापड निवडावे आणि चेनचे टोक दुकानातच उघडझाप करून तपासावे.